घाडीचा खांदा आणि आमचं शेकखातं

"तुमच्याकडे एवढे किस्से साठले कसे हो?" असं लोक मला विचारतात. अहो, साठायला काय लागतं! परळच्या एका मोठ्या इस्पितळात जिन्याखालच्या खोलीत बसायचं आणि येईल त्याला सांगायचं, "काही करू नका. नुसते स्वस्थ बसा." बस्स! आमच्या गिरणगावातल्या माणसाला डोंगर फोड म्हणा, फोडेल. स्वस्थ बस म्हणालात की त्याच्या अंगात येतं. मग तो जे काही करून परत येतो, तो झाला किस्सा.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांतलं. आमचं काम तसं साधं. कुणाचा पाय मुरगळला, कंबर लचकली, खांदा निखळला, की चाकू न लावता बरं करायचं. आधी थंड पट्टी, मग शेक, गळ्यात झोळी, विश्रांती, आणि सूज उतरली की व्यायाम. गिरणीतली माणसं प्रत्येक विभागाला खातं म्हणतात. साचेखातं, वायंडिंग खातं. म्हणून आमचं झालं शेकखातं. आणि मी? रीतसर शिकले, परीक्षा दिल्या, हाडांची नावं पाठ केली. माझं नाव पडलं मालिशवाली बाई! मालिश सोडून सगळं करत होते, पण सांगता कुणाला? गाढवापुढे वाचली गीता.

*

मी गिरगावातली. वडील शाळेत मास्तर. मुलगी परक्या पुरुषांचे पाय धरते ही बातमी आमच्या चाळीत मी घरी पोचायच्या आधी पोचली होती. तरीही एक स्थळ सांगून आलंच. मुलगा गप्प, मुलाचे वडील भारी बोलके. कांदेपोहे झाले, भरतकाम दाखवून झालं, मग त्यांनी विचारलं, "नोकरीत नेमकं काय करता आपण?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"छे छे! चांगल्या घरातल्या मुलीनं परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय!" असं म्हणाले, आणि तिथल्या तिथे धोतर वर सरकवून डावा पाय माझ्यापुढे केला. "हा गुडघा बघता का जरा? जिने चढताना कुरकुरतो."

स्थळ मोडलं. गुडघा मात्र पुढे वर्षभर इस्पितळात येत होता. आणि तोही मेला एकही व्यायाम न करता!

*

लालबागच्या एका हुतूतूच्या संघाचा कप्तान होता, सावंत. डावा घोटा मुरगळून आला. घोटा कसला, पपनस! घरच्यांनी आधी तेल लावून खसाखसा चोळला होता. सुजलेला घोटा चोळायचा, हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. त्यावर आंबेहळद, तुरटी आणि आणखी कसकसल्या पाल्याचा लेप. तो लेप खरवडताना माझीच बोटं सोलवटली.

मी पट्टी बांधली आणि बजावलं, "या पायावर जरासुद्धा भार द्यायचा नाही. हुतूतू बंद. शपथ घ्या."

"घेतली बाई. आईच्यान्."

चार दिवसांनी परत हजर. आता उजवा गुडघा सुजलेला!

"खेळलात ना हुतूतू?" मी कडाडले.

"नाही बाई! शपथ मोडीन होय?" सावंत दुखावला. "मैदानात नुसतं बसवेना. डाव्या पायावर भार द्यायचा नव्हता ना, म्हणून लंगडी खेळलो!"

*

आता घाडीकडे येते. कारण बाकीचे सगळे किस्से एकीकडे आणि घाडीचा खांदा एकीकडे.

तुकाराम घाडी हा साचेखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचा. लालबागच्या एका चाळीत आई आणि लग्नाची बहीण घेऊन राहायचा. दहीहंडीच्या थरावरून पडून उजवा खांदा एकदा निखळला होता. तो कुठल्या तरी हाडवैद्यानं ओढून बसवला, पुढे ना झोळी ना व्यायाम. असा खांदा म्हणजे बिजागरी सैल झालेलं दार. वाऱ्यानंसुद्धा उघडतं.

एका दुपारी मोर्च्यातल्या चार जणांनी त्याला उचलून आणलं. चौघांच्या घोषणा चालूच! घाडी वेदनेनं हिरवानिळा पडलेला, आणि तोही त्यांच्या सुरात सूर मिळवून कण्हतोय. मोठ्या डॉक्टरांनी खांदा बसवला, हात झोळीत घातला आणि विचारलं, "कसा निखळला?"

"घोषणा देताना, साहेब. 'संयुक्त महाराष्ट्र' म्हटलं तेव्हा ठीक होता. 'झालाच'ला हात वर गेला आणि कट्‌कन वाजलं."

"मग?"

"मग काय साहेब, 'पाहिजे' राहून गेलं."

मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते विलायतेहून आले तेव्हा हसू तिथेच ठेवून आले होते. ते इंग्रजीत मला म्हणाले की पुन्हा निखळला तर ऑपरेशन करू. मी विचारलं, ऑपरेशननंतर हात पूर्वीसारखा फिरेल का? म्हणाले, "कदाचित." कदाचित! साच्यावर दिवसभर वाकून, हात लांबवून तुटलेला धागा जोडायचा असतो. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, घाडीला आधीच सांगून ठेवलं होतं, "हात धड असेल तर ये, नाहीतर तुझ्या साच्यावर दुसरा माणूस उभा आहे." म्हणजे या कदाचितवर तीन माणसांची चूल होती. मी म्हटलं, "सर, मला वेळ द्या. झोळी आणि व्यायामावर हा खांदा सुधारेल."

"तुमच्या शेकानं?" ते म्हणाले. त्या 'शेकानं'मधला तुच्छपणा मी अजून विसरलेले नाही.

*

या मोठ्या डॉक्टरांचंही एक सांगते, मग घाडीकडे परत येऊ. वायंडिंग खात्यातली एक बाई आली. दोन्ही मनगटं ठणकत होती. दिवसा गिरणीत सूत गुंडाळायचं, घरी आल्यावर धुणं, पाणी, भाकऱ्या. डॉक्टरांनी मनगटं दाबून पाहिली आणि ऐटीत सांगितलं, "याला औषध नाही. पूर्ण विश्रांती घ्या."

बाई म्हणाली, "घेते की. चिठ्ठीवर नाव लिहून द्या, आणि कुठल्या दुकानात मिळते तेपण सांगा. आमच्या बाजूला तरी कुणाकडं बघितली नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

त्या बाईबरोबर तिचा नवराही आला होता. त्याची करंगळी दारात चेमटली होती. त्यालाही "विश्रांती घ्या" सांगितलं. महिन्यानं बाई एकटीच आली. म्हटलं, नवरा कुठाय? म्हणाली, "पडलाय अजून. डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

माझ्या सगळ्या नोकरीत सल्ला शब्दशः पाळणारा तो एकमेव पेशंट.

*

तर घाडी. त्याचा हात झोळीत होता तोवर बरं चाललं होतं. मग एके दिवशी आला तर झोळीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

"हे काय?"

"हात वर करायचा नाही म्हणालात. मग म्हटलं, लोकांनी वाचावं तरी."

मेट्रनबाईंनी आकांडतांडव केलं. इस्पितळाचं कापड! सरकारी मालमत्ता! मी म्हटलं, कापड धुता येईल, खांदा धुता येणार नाही. खरं सांगायचं तर मला ती युक्ती आवडली होती, पण तोंडदेखलं मीही घाडीला झापलं.

मग काय विचारता! लालबागेत ज्याच्या त्याच्या गळ्यात झोळी. बोट कापलेला झोळी मागायचा, गळू झालेला झोळी मागायचा. एक दांडगा इसम तर दोन्ही हात झुलवत धडधाकट चालत आला.

"कुठे दुखतंय?"

"कुठं नाही बाई. झोळी पाहिजे."

"दुखत नाही तर झोळी कशाला?"

तो म्हणाला, "घाडीचा एकट्याचाच खांदा आहे काय चळवळीत?"

*

झोळी सुटली आणि खरी पंचाईत सुरू झाली. मी घाडीला सांगितलं, "उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. घोषणा द्यायचीच असेल तर डाव्या हातानं द्या." सरळ गोष्ट आहे की नाही? लहान पोराला कळेल.

पण चाळीत कळेना! घाडीनं डावी मूठ वर केली मात्र, सगळे अंगावर धावून आले. डाव्या हातानं? शुभकार्यात? त्याची आई शेकखात्यात येऊन माझ्याशीच भांडली.

"डाव्या हातान देवाक फुला घालतत काय गो बाय? मगे राज्य डाव्या हातान कसा मागूचा? मागलेला गावतला काय?"

"आजी, उजवा निखळेल ना!"

"निखळलो तर तू बसय. तुका पगार कसलो मिळता?"

कप्पाळ माझं! पुढच्याच सभेत घाडीनं उजवा हात वर केला. 'झालाच'ला खांदा बाहेर. आता मोठे डॉक्टर ऑपरेशनच्या कागदाला हात घालणार इतक्यात मी आडवी आले. हातापाया पडले म्हणा ना. ते म्हणाले, "ठीक. ही शेवटची संधी. यानंतर हा खांदा निखळून माझ्यासमोर आला तर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मी घाडीला जिन्याखाली नेऊन असं फैलावर घेतलं की बाहेरच्या बाकावरचे लंगडेसुद्धा उठून उभे राहिले. "तुम्हाला राज्य हवंय ना? ते मिळेल तेव्हा मिळेल! तुमचे साचे दुसरा चालवेल, आई-बहीण गावी सावंतवाडीला जातील आणि तुम्ही एका हातानं नवीन राज्याला सलाम ठोकाल!"

घाडी खाली मान घालून म्हणाला, "बाई, शप्पथ, मी नाही करत. तोंडातून शब्द निघाला की हात आपसूक जातो."

*

याच सुमाराला कमलचा किस्सा घडला. कमल आमच्या खात्यातली नर्स, नायगावच्या चाळीतली. नुकतीच घरच्यांबरोबर बौद्ध झालेली, शिकलेली आणि जिभेला माझ्याहून धार. ती जन्मली पायांकडून, म्हणजे पायाळू. तुम्हाला ठाऊकच आहे, पायाळू माणसानं पाठीत लाथ मारली की भरलेली उसण जाते, असं आपले विद्वान लोक मानतात. ही गोष्ट इस्पितळात फुटली आणि कमलचा जीव नकोसा झाला. कंबर धरून येणारा प्रत्येकजण शेक नको म्हणायचा, "सिस्टर, एक लाथ मारा ना!"

गिरगावातून एक आजोबा यायचे, अंगावर उपरणं, हातात तांब्याचा गडू. इस्पितळातलं पाणी चालायचं नाही. एकदा शेक घेताना त्यांना ठसका लागला, कमलनं पेला पुढे केला. आजोबांनी हात मागे घेतला. "तुझ्या हातचं नको हो. राग मानू नकोस, आमचं सोवळं असतं." आणि ठसकत बसले.

आठवड्यानं त्यांच्या कमरेत पुन्हा उसण भरली. वाकून काटकोन झालेले. कमल समोर आली तसे हात जोडून म्हणाले, "मुली, तू पायाळू आहेस म्हणे. एक लाथ मारतेस का? पुण्य लागेल तुला."

मला वाटलं आता हिचा स्फोट होणार. कमलनं शांतपणे पेला भरला, त्यांच्यापुढे धरला.

"आधी पाणी प्या, आजोबा. मग लाथ."

आजोबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घटाघटा पेला रिकामा केला. आणि तसेच पाठ करून उभे राहिले. कमलनं त्यांच्या कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

"लाथ?" आजोबा कळवळले.

"ती पाण्यातून दिली," कमल म्हणाली.

*

झोळी पुन्हा सुटली तसं घाडीला मी व्यायामाला जुंपलं. सायकलची जुनी ट्यूब कापून गॅलरीच्या कठड्याला बांधायची आणि कोपर अंगाला चिकटवून ओढायची. भिंतीसमोर उभं राहून मुठीनं भिंत ढकलायची. हात हलत नाही, पण खांद्याभोवतीचे स्नायू आवळतात, सांधा धरून ठेवायला शिकतात. हे साधं शास्त्र. चाळीत त्याचं नाव झालं 'भिंतढकल्या'. पाळीवर निघालेले विचारायचे, "काय घाडी, हलली काय?"

पण या वेळी पठ्ठ्या चुकला नाही. गिरणीतून आला की भिंत, जेवला की भिंत. सभेला गेला तर उजवा हात सदऱ्याच्या आत घालून वरून बटणं लावायचा. आई चिडायची, पण तो ऐकेना.

एके दिवशी शेकखात्याच्या दारात काळी टोपी घातलेला माणूस. हा त्यांच्या चाळीचा भाडेवसुलीचा मेहता.

"बाई, त्या घाडीला तुम्ही काय सांगितलंय?"

"व्यायाम सांगितलाय. का?"

"चाळ जुनी आहे हो," तो रडवेला होऊन म्हणाला. "पलीकडच्या खोलीत देव्हारा हलतो. त्याला दुसरं काही तरी ढकलायला द्या."

*

आणि मग राज्य मिळालं.

त्या दिवशी सकाळी लालबाग बघायला हवं होतं! गुढ्या काय, पेढे काय, ढोल काय. मी मोर्चे, सभा यांना कायम नावं ठेवत आले. या पाच वर्षांत लाठ्या खाल्लेली इतकी दंड-मनगटं मी बांधली होती की घोषणा ऐकली की मला पट्ट्या संपल्याचंच आठवायचं. मी खात्यात यायला निघाले तर इस्पितळाच्या फाटकात घाडी उभा. नवा सदरा, टिळा, केस चापून बसवलेले.

"बाई, आज तरी?"

"नाही."

"एकदाच."

"एकदाच म्हणून तीनदा निखळलाय! खांदा आता कुठे धरतोय. एवढ्या वर हात नेऊन कधी बघितलाय का? अजून वेळ आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, हात सदऱ्यात कोंबून मागितलं हो मी. आज मिळालं, तर आज तरी वर करू दे."

मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू? पण दया केली की ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे ते 'कदाचित'. मी म्हटलं, "चला. मी येते बरोबर. तुमचा हात मी धरून ठेवते."

माझ्यामागून येणारी कमल म्हणाली, "बाई, तुम्ही तर मिरवणुकांना नावं ठेवता!"

"नावं ठेवायलाच चाललेय!"

तर अशी मी, बिनलग्नाची, शिकलेली, गिरगावातली, भर लालबागेत एका साचेवाल्याचा हात धरून उभी! माझ्या उजव्या मुठीत त्याचं मनगट, डाव्या हातानं दंड. बायका गॅलऱ्यांतून वाकवाकून बघत होत्या. घाडीच्या पलीकडे त्याची आई. तिला आता कुठे मुलाच्या खांद्याची काळजी सुचली होती. "घट धर गो बाय," ती मला म्हणाली. "सोडू नको हां."

"सोडतेय कसली," मी म्हटलं. "माझ्याशी गाठ आहे!"

इतक्यात नाक्यावरच्या ओट्यावर एकजण चढला. घसा पार बसलेला, तरी बेंबीच्या देठापासून ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र..."

आणि सगळ्या रस्त्यानं, गॅलऱ्यांनी, गच्च्यांनी एकच उत्तर दिलं, "झालाच!"

पुढचं 'पाहिजे' कुणी म्हणालंच नाही. त्या 'झालाच'ला हजारो हात वर गेले. कमलचा गेला, घाडीच्या आईचा गेला, आणि माझाही गेला. उजवा. सणसणीत, डोक्याच्या वर.

मुठीत घाडीचं मनगट तसंच!

घाडीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी कट्‌कन आवाज यायची वाट बघत राहिले. नाही आला. डाव्या हातानं त्याचा खांदा चाचपला, पुढून, मागून, बगलेतून. हाड जागच्या जागी! भिंतीनं काम चोख केलं होतं.

घाडीनं एक डोळा उघडला, वर स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, मग दुसरा उघडला आणि भडाभडा रडायलाच लागला. मी हात खाली घ्यायचा ना! पण मला सुचेचना. दुसरी घोषणा झाली, तिसरी झाली, आमचे दोन हात आपले वरच. रस्ता बघतोय, गॅलऱ्या बघतायत.

शेवटी त्याच्या आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"सोड गो बाय तेका आता! राज्य मिळाला मां!"